चैत्राचा महिना: गुढीपासून गौरीच्या ओटीपर्यंत या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे चैत्र म्हणजे सणांची रांग आणि चाळिशीकडे निघालेला पारा, दोन्ही एकदमच. कुठे गुढी घसरते, कुठे डाळ आंबते, कुठे रामनवमी आज की उद्या यावर सकाळी सकाळी वाद रंगतो. यातल्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ पंचांगात तरी असतं, नाहीतर उन्हात.

तारीख ठरवताना

हल्ली तिथी मोबाईलवर बघतात. तिथे एक मेख आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे हिंदी पंचांगात चैत्र आपल्या पाडव्याच्या पंधरवडाभर आधीच लागलेला असतो आणि आपला चैत्र वद्य पक्ष तिकडे वैशाखात मोजतात. शुद्ध पक्षात काही फरक नाही, पाडवा-नवमी-पौर्णिमा सगळीकडे सारख्याच. घोळ होतो तो वद्यात. ‘वैशाख कृष्ण, वरूथिनी एकादशी’ असं दिसलं म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका, ती आपल्या चैत्रातलीच आहे. ॲपमध्ये ‘अमान्त’ निवडा आणि गावही आपलंच टाका.

दुसरी चूक, सगळ्या सणांना एकच मोजमाप लावण्याची. पाडव्याला सूर्योदयाची प्रतिपदा धरतात. प्रतिपदा दोन सूर्योदयांना असेल तर पहिला दिवस. आणि तिचा क्षय झाला असेल, म्हणजे सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच ती संपत असेल, तर ज्या दिवशी लागते त्याच दिवशी गुढी. रामनवमीला मात्र मध्यान्हाची नवमी पाहतात. म्हणून सकाळी अष्टमी दिसत असली तरी रामजन्म त्याच दिवशी असू शकतो. हनुमान जयंतीला पुन्हा सूर्योदयाची पौर्णिमा.

गुढी का घसरते

कळक गुळगुळीत असतो, आणि गाठ मारतात ती नेमकी दोन पेरांच्या मधे. तासाभरात साडीच्या वजनाने ती खाली सरकते. गाठ पेराच्या लगेच वर मारा, म्हणजे पेरच तिला अडवतं. आधी साडीच्या किंवा खणाच्या निऱ्या करून त्या बांधा, मग त्याच सुतळीत कडुलिंबाची डहाळी, आंब्याचा टाळा, हार आणि साखरेची गाठी अडकवा, आणि शेवटी तांब्या उपडा घाला. तांब्या डुगडुगत असेल तर कळकाच्या टोकाला जुन्या सुती कापडाचे दोन-तीन वेढे द्या. कळक पाटावर टेकवून गॅलरीच्या गजांना एकाच जागी बांधला तर दुपारच्या वाऱ्यात तो फिरतो. खाली एक, कमरेच्या उंचीला एक, अशा दोन जागी बांधा.

सर्वांत धोक्याची चूक उंचीची. साताऱ्याच्या जुन्या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात विजेच्या तारा गॅलरीच्या नाकासमोरून जातात. ताजा तोडलेला कळक ओला असतो, त्यातून वीज वाहते, आणि टोकाला तांब्याचं भांडं. गुढी वाकडी उभी राहिली तरी चालेल, पण ती वाऱ्याने हलून किंवा कलंडून तारेपर्यंत पोहोचेल एवढी लांब नको. बोळ अरुंद असेल तर तीन-चार फुटांची गुढी पाटावर दारातच उभारा. उंचीची शर्यत शेजाऱ्यांना जिंकू द्या.

गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते. हळदकुंकू वाहून, गूळ किंवा साखरेचा नैवेद्य दाखवून मग हलवा.

कडुलिंब की बकाण?

ही चूक शहरात वाढते आहे. रस्त्याकडेला लावलेला बकाण निंब कडुलिंब समजून लोक तोडून आणतात. ओळख सोपी आहे. कडुलिंबाच्या एका देठाला दोन्ही बाजूंनी सरळ पानं असतात, कडा करवतीसारख्या, फुलं पांढरी. बकाणाच्या देठाला पुन्हा उपदेठ फुटतात आणि पानं त्यांच्यावर असतात, फुलं जांभळट. बकाणाची फळं विषारी आहेत; त्याचा पाला खायच्या चटणीत जाता कामा नये.

चटणी कडूजहर होते ती जून पानांमुळे. चार माणसांना तांबूस कोवळी दहा-बारा पानं आणि चिमूटभर फुलं पुरतात. त्यात चमचाभर भिजवलेली हरभरा डाळ, सुपारीएवढा गूळ, पाव चमचा ओवा, थोडी चिंच, चार मिरे, हिंग आणि मीठ घालून वाटा.

पाणपोईचा रांजण

पाडव्यापासून चार महिने पाणी देण्याची प्रथा जुनी आहे आणि आपल्याकडच्या उन्हात तिच्याइतकं उपयोगी दान दुसरं नाही. पण हौसेने रांजणाला ऑइलपेंट फासतात आणि मग पाणी गार होत नाही म्हणून कुंभाराला नावं ठेवतात. पाणी गार होतं ते मातीच्या छिद्रांतून पाझरून वाळल्यामुळे. रंगाने छिद्रंच बुजतात. नवा रांजण एक दिवस पाण्याने भरून ठेवा, ते पाणी झाडांना घाला, मग वापरायला काढा. वर झाकण, आत हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळं, आणि दोन दिवसांतून एकदा रिकामा करून घासणं. एवढं कोण करणार हे आधी ठरत नसेल तर पोई उघडू नका.

चैत्रगौर: खरी परीक्षा स्वयंपाकघरात

गौर चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. चैत्र अमावास्येला महिना संपला म्हणून तिला उतरवू नका. हळदीकुंकू मधल्या कोणत्याही मंगळवारी किंवा शुक्रवारी करता येतं. सगळ्या आळीने शेवटचाच शुक्रवार धरला की बायकांची एका संध्याकाळी सात घरं होतात आणि सातव्या घरातली डाळ तशीच उरते.

चैत्रांगणाची रांगोळी गुळगुळीत फरशीवर टिकत नाही. तीन-साडेतीन फुटांच्या प्लायला गेरू लावून, पूर्ण वाळवून त्यावर काढा. सुरुवात वर मधोमध पाळण्यातल्या गौरीपासून करा आणि खाली या. सूर्य-चंद्र, शंख-चक्र, गोपद्म, कासव, हत्ती, तुळस, फणी-करंडा यांच्या जागा आधी खडूने ठिपके देऊन ठरवल्या नाहीत तर निम्मी चिन्हं शेवटी कोपऱ्यात कोंबावी लागतात.

आता डाळ. आंबेडाळ बिघडते ती चार कारणांनी आणि चारही टाळता येण्यासारखी आहेत. एक, डाळ रात्रभर भिजवणं. या दिवसांत तीन ते चार तास पुष्कळ झाले; जास्त ठेवली की फेस येतो आणि वास धरते. दोन, निथळण्याचा आळस. चाळणीत अर्धा तास, मग पंचावर पसरून दहा मिनिटं. तीन, वाटताना पाणी. मिक्सर सलग फिरवू नका, थांबून थांबून चार-पाच झटके द्या. काही दाणे अर्धे राहिले पाहिजेत, नाहीतर डाळीची चटणी होते. चार, मीठ आधी घालणं. मीठ लागलं की कैरी पाणी सोडते आणि तासाभरात सगळं पचपचीत होतं.

प्रमाण असं: एक वाटी डाळ, अर्धी ते पाऊण वाटी कैरीचा कीस, चार हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी ओलं खोबरं, अर्धा चमचा साखर. फोडणीला तीन चमचे तेल, मोहरी, हळद आणि हिंग जरा सढळ. फोडणी कोमट झाल्यावर घाला. कैरी रायवळ घ्या, तोतापुरीला आंबटपणा पुरत नाही. अर्धा किलो डाळीची आंबेडाळ पानावर दोन-दोन चमचे वाढली तर तीस-पस्तीस जणींना होते. ही डाळ कच्ची असते आणि तिच्यात ओलं खोबरं असतं, त्यामुळे सकाळी करून संध्याकाळी वाढायची असेल तर डाळ-कैरी-मिरची फ्रिजमध्ये ठेवा. खोबरं, मीठ आणि फोडणी पाहुण्या यायच्या अर्धा तास आधी.

पन्ह्याने घसा खवखवला तर दोष कैरीच्या चिकाचा. देठाकडचा भाग कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा, मग उकडा. गर एक वाटी असेल तर साखर किंवा गूळ दोन वाट्या, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. हा घट्ट गर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आणि ॲल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ धातूशी झोंबतो, चव आणि रंग दोन्ही जातात. देताना चार-पाच पट गार पाणी. एक किलो कैरीत छोटे चाळीस पेले निघतात. गुळाचं पन्हं काळपट दिसतं, ते तसंच असतं. पिवळ्याधमक गुळाच्या मागे लागू नका. लादीचा बर्फ पेल्यात टाकू नका, तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. पातेलं त्या बर्फात ठेवा.

ओटीच्या हरभऱ्यांचा अंदाज दरवर्षी चुकतो. एक किलो कोरडे हरभरे भिजून दोन किलोंच्या वर जातात आणि मूठभर ओटी धरली तर साधारण चाळीस जणींना पुरतात. सात-आठ तास भिजवा, मधे दोनदा पाणी बदला. नंतर पाण्यात ठेवू नका, निथळून ओल्या पंचात बांधा. बुळबुळीत लागले तर ते टाकायचेच, धुऊन ओटीत घालायचे नाहीत.

हळदीच्या बाबतीत सांगलीकरांना कोणी शिकवायला नको; सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी पूजेची म्हणून जी स्वस्त पुडी मिळते ती तपासा. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून हलवू नका. चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला आहे.

रामनवमी, शिंगणापूर, मारुती

रामजन्म घड्याळात बाराच्या ठोक्याला होतो, पण साताऱ्यात सूर्य डोक्यावर येतो तो त्या सुमारास साडेबारानंतर, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर चालतं. काळजी नको. मध्यान्हकाळ साधारण साडेअकरा ते पावणेदोन असा लांब असतो आणि बारा त्यातच येतात. चाफळसारख्या ठिकाणी जाणार असाल तर बाराला पोहोचायचं असा बेत करू नका, निदान दोन तास आधी मंदिरात असा.

सुंठवड्याचा गोळा होतो तो खोबरं गरम असताना पिठीसाखर मिसळल्यामुळे. भाजलेलं खोबरं पूर्ण गार करा. एक वाटी खोबऱ्याला अर्धी वाटी साखर आणि दोन चमचे सुंठ. लहान मुलं असतील तर सुंठ एकच चमचा.

शिखर शिंगणापूरला शिवपार्वतीचा विवाह चैत्र शुद्ध अष्टमीला आणि मुंगी घाटातून कावडी चढतात त्या द्वादशीला. पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. दोन्हींची सरमिसळ करून पौर्णिमेला शिंगणापूर गाठणारे कावड हुकवतात. दवणा देवाला न्यायचा तर पाण्यात बुडवून ठेवू नका, काळा पडतो. ओल्या फडक्यात सैल गुंडाळा.

समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात साताऱ्यात, शिराळा आणि बहे हे दोन सांगली जिल्ह्यात आणि उरलेले दोन कोल्हापुरात. जयंतीच्या दिवशीच अकराही करायचा हट्ट सोडा, गर्दीत निम्मा दिवस एकाच ठिकाणी जातो. रुईची पानं तोडताना चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पानं देठ खाली करून निथळू द्या, धुवा आणि माळ ओवून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. पारंपरिक शेंदरात शिसं असतं. तो मूर्तीपुरताच ठेवा. मुलांच्या कपाळाला किंवा प्रसादाला त्याचा हात लागू देऊ नका.

अक्षय्य तृतीयेला गौर उतरवली की पितळी मूर्ती चिंचेने घासून, स्वच्छ धुऊन आणि कोरडी पुसून ठेवा. चिंचेचा अंश राहिला तर पुढच्या चैत्रात हिरवे डाग दिसतात. झोपाळ्याच्या साखळ्यांना खोबरेल तेलाचा हात लावा आणि प्लायचा गेरू पुसू नका, उभा करून ठेवा. पुढच्या वर्षी वरून एकच हात पुरतो.