बॅकअप सर्व्हरवरचं नेटवर्क इंटरफेसचं जुनं सेटिंग काढताना

मी लातूरला असतो आणि परभणीतल्या एका जिनिंगचा बॅकअप सर्व्हर लांबूनच सांभाळतो. तिथलं नेटवर्क बदललं, तेव्हा जुन्या लॅनकार्डाचं सेटिंग काढायला एका रात्री बसलो आणि चुकीचा इंटरफेस (सर्व्हर नेटवर्कला जोडणारं दार) बंद केला. त्याच इंटरफेसवरून मी एसएसएचने (लांबून सर्व्हरवर आज्ञा चालवायच्या सोयीने) आत शिरलो होतो. स्क्रीन जागच्या जागी थिजली. ऐन कापसाच्या आवकेचे दिवस आणि तिथं फक्त रात्रपाळीचा वॉचमन. पहाटेच्या एसटीनं अंबाजोगाई, परळी, गंगाखेड करत परभणी गाठली. मॉनिटर जोडल्यावर काम दोन मिनिटांचं निघालं, पण त्या रात्रीचा बॅकअप गेला तो गेलाच. तेव्हापासून हे काम मी कसं करतो ते इथं लिहितो आहे. लिनक्सच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन छोट्या लिपीतच टाका.

आधी आपण कुठून आत आलो आहोत ते बघा. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ने कोणत्या इंटरफेसला कोणता पत्ता आहे ते दिसतं, ‘आयपी राउट’ने डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायची मुख्य वाट) कुणावर आहे ते कळतं. ‘एसएसएच_कनेक्शन’ या व्हेरिएबलमध्ये (हे नाव मात्र मोठ्या रोमन अक्षरांत) तुमचं सेशन सर्व्हरच्या कोणत्या पत्त्यावर आलं आहे ते लिहिलेलं असतं. यातलं काहीही काढायच्या इंटरफेसशी जुळलं, तर तिथंच थांबा. आधी दुसऱ्या वाटेनं आत या, गेटवे हलवा, मगच पुढे जा. सर्व्हरला आयपीएमआय (मुख्य नेटवर्क बंद असतानाही लांबून स्क्रीन दाखवणारी वेगळी सोय) असेल तर त्याचा पासवर्ड त्याच दिवशी चालवून बघा. नसेल, तर मॉनिटर लावू शकेल असा माणूस तिथं हजर असेल तीच वेळ ठरवा.

आता त्या इंटरफेसवर कुणाचं काम अवलंबून आहे ते शोधा. खरी मेहनत इथंच आहे. बॅकअप सर्व्हर दिवसा गप्प असतो, त्यामुळे दुपारी ‘एसएस -टीएनपी’ (चालू जोडण्यांची यादी) चालवून काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. रात्रभर ‘टीसीपीडंप’ (येणारी-जाणारी वाहतूक टिपणारं साधन) त्या इंटरफेसवर लावून ठेवा आणि सकाळी कोणकोणत्या मशीनचे पत्ते आले ते वाचा. माझ्याकडे हिशेबाचा एक जुना कॉम्प्युटर असा सापडला होता, ज्यात सर्व्हरचा जुना आयपी हातानं भरलेला होता. डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यादी) बदलून त्याला काहीच फरक पडणार नव्हता. फायरवॉलचे नियम, एनएफएसचे माउंट (नेटवर्कवरून जोडलेले फोल्डर), ठरावीक पत्त्यावरच ऐकणारी आरसिंकसारखी फाइल-नकलेची सेवा, बाँड (एकत्र बांधलेली कार्डं), ब्रिज (इंटरफेस जोडणारा पूल) आणि व्हीलॅन (एकाच तारेवरची वेगळी नेटवर्कं) हेही तपासा. कार्ड बाँडमध्ये असेल तर आधी वरचं व्हीलॅन, मग बाँड आणि शेवटी कार्ड, या क्रमानं उतरा.

कॉन्फिगची प्रत काढा, पण त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका. नेटप्लॅन (उबुंटूतलं नेटवर्क सेटिंगचं साधन) आपल्या फोल्डरमधली ‘याम्ल’नं संपणारी प्रत्येक फाइल वाचतो. तिथं ठेवलेली प्रत म्हणजे काढलेलं सेटिंग पुन्हा जिवंत करणंच झालं. प्रत रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) होम फोल्डरमध्ये ठेवा आणि एक सर्व्हरबाहेरही. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ व ‘आयपी राउट’ यांचं आत्ताचं उत्तरही सोबत साठवा.

यानंतर लगेच पुसायचं नाही, नुसतं बंद करायचं. बॅकअप चालू नाही ना ते बघा, ‘टीमक्स’मध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या खिडकीत) बसा आणि आधी ‘शटडाउन -आर +१०’ टाका. दहा मिनिटांत तुम्ही परत आत येऊ शकला नाहीत, तर सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होईल, आणि फाइलला हात लावलेला नसल्यामुळे जुनं सेटिंग जसंच्या तसं परत येईल. मग ‘आयपी लिंक सेट ईएनओ२ डाउन’ करा; ईएनओ२च्या जागी तुमच्या इंटरफेसचं नाव घाला. नवी एसएसएच खिडकी उघडून आत येता येतंय याची खात्री झाली, की ‘शटडाउन -सी’ने तो रीस्टार्ट रद्द करा. नुसतं ‘आयपी लिंक अप’ करून मागं येऊ असं धरून चालू नका, कारण त्यावरचा हातानं दिलेला डिफॉल्ट राउट त्यानं परत येत नाही.

आपल्याकडे लाइट जाते, यूपीएस दम तोडतो आणि सर्व्हर पुन्हा सुरू होतो. तसं झालं की बंद केलेला इंटरफेस गुपचूप उठून बसतो आणि तुमची परीक्षा फोल ठरते. म्हणून तुमच्या लिनक्समध्ये नेटवर्कचं सेटिंग जिथं असेल तिथं ते बंद करा: डेबियनमध्ये त्याची ‘ऑटो’ किंवा ‘अलाउ-हॉटप्लग’ ओळ कॉमेंट करा, नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या कनेक्शनचं ‘ऑटोकनेक्ट’ ‘नो’ करा, नेटप्लॅनच्या नव्या आवृत्तीत ‘अ‍ॅक्टिव्हेशन-मोड’ ‘ऑफ’ ठेवा. या अवस्थेत एक महिनाअखेर जाऊ द्या. महिन्यातून एकदाच चालणारा जॉब त्याशिवाय उघडा पडत नाही.

सगळं नीट चाललं, की मग पुसा. डेबियनमध्ये आधी ‘इफडाउन’, नंतर इंटरफेसेस फाइलमधला त्याचा भाग काढायचा. क्रम उलटा झाला तर ‘इफडाउन’ला तो इंटरफेस ओळखूच येत नाही. नेटवर्कमॅनेजरमध्ये ‘एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट’ पुरे. नेटप्लॅनमध्ये याम्लमधला भाग काढून ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा; १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुन्यावर परततो. बाँड आणि ब्रिजच्या बाबतीत मात्र या परतण्यावर विसंबू नका. फायरवॉलमधले त्या इंटरफेसचे नियम आणि डीएनएसमधली जुनी नोंदही त्याच बैठकीत काढा.

त्यानंतर स्वतः हजर असताना एकदा रीस्टार्ट करा आणि ‘आयपी राउट’चं उत्तर जुन्या प्रतीशी ताडून बघा. पिंग लागला म्हणजे बॅकअप चालला असं नाही. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या बॅकअपमधली एक फाइल वेगळ्या जागी रिस्टोअर करून तिचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ फाइलशी जुळवा. तो जुळला की जुन्या कार्डाची केबल काढा, तिच्या दोन्ही टोकांना तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि बदल सर्व्हरच्या वहीत लिहून ठेवा.