मराठी का कन्नड, एवढंच विचारून भागत नाही: दिव्यांग गिऱ्हाइकांशी वागताना या चुका टाळा

बेळगावात दुकान मांडून बसलेल्या माणसाला, गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत एक गोष्ट ठरवावी लागते: ह्याच्याशी मराठीत बोलायचं का कन्नडात? टोपी बघून, पिशवी बघून, नंदगडची बस आत्ताच येऊन गेली का ते आठवून आपण अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर जीभ वळवून दुसऱ्या भाषेत बोलतो, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. मात्र समोरच्याच्या हातात पांढरी काठी दिसली, काखेत कुबडी दिसली, कानात मशीन दिसलं, की आपली ही सगळी हुशारी कुठं जाते कोण जाणे. मग आपण विचारायचंच विसरतो.

माझं शहापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे सरकारी ओळखपत्राचे अर्ज, पेन्शनचे कागद, आधारची दुरुस्ती अशी कामं येतात, त्यामुळं अशी गिऱ्हाइकं माझ्याकडं इतरांपेक्षा जास्त. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात. काही अजून सुटलेल्या नाहीत.

माणूस समोर, प्रश्न सोबतच्याला

खानापूरकडचे एक काका पुतण्याचा हात धरून आले. दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी पुतण्याकडं बघून सुरू: "ह्यांचं वय किती? ह्यांना सही येते का, अंगठा घेऊ?" काका थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, डोळं गेल्यात माझं. तोंड हाय की अजून." पुतण्या हसला. मला मान वर करवेना. आणि काकांची सही माझ्या सहीपेक्षा वळणदार होती, हे नंतर कळलं.

तेव्हापासून प्रश्न ज्याचं काम आहे त्यालाच. न दिसणाऱ्या माणसाला आपली नजर कुणावर आहे ते कळत नाही, म्हणून नुसतं "तुम्ही" म्हणू नका. "काका, तुमची जन्मतारीख सांगा" असं हाक मारून बोला. उठून आत जाताना तसं सांगा. मी एकदा न बोलता प्रिंट काढायला गेले, आणि परत आले तर एक मावशी रिकाम्या खुर्चीला आपल्या सुनेची सगळी हकिगत सांगत होत्या. बसवायचं असेल तर दंड धरून ओढत न्यायचं नाही. आपलं कोपर पुढं करायचं, ते धरतील. खुर्चीपाशी आलं की त्यांचा हात पाठीवर, म्हणजे खुर्चीच्या पाठीवर, टेकवून द्यायचा. पुढचं बसायचं त्यांना येतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. दुकानात पाच माणसं उभी असताना "चाळीस टक्के अपंगत्व आहे ना तुमचं?" असं खणखणीत विचारणं म्हणजे त्या माणसाचा दाखला चौकात चिकटवल्यासारखंच आहे. पेन्शन किती येते, खात्यात किती आहेत, हे पण तसंच. आवाज खाली घ्या, नाहीतर गर्दी सरेपर्यंत थांबा.

फॉर्म सहीआधी वाचून दाखवायला हवा, हे सगळ्यांना मान्य असतं. सीमाभागात त्यात आणखी एक पदर आहे. फॉर्म कन्नडात, गिऱ्हाईक घरात मराठी बोलणारं. "ह्यात नेहमीचंच आहे, करा सही" एवढ्यावर भागवायचं नाही. कशाला संमती देतोय, कुणाचं नाव वारस म्हणून लागतंय, हे त्याच्या भाषेत सांगायचं. डोळस माणसासाठीही हे करायला पाहिजे, खरं तर.

एका वाक्यात तीन भाषा

ही खास आपल्याकडची चूक. बेळगावचा दुकानदार "बसा की अण्णा, ईग माडतो, बस पाच मिनट" असं एका दमात तीन भाषांत बोलून जातो. ऐकू येणाऱ्याला त्यात गंमत वाटते. ओठ वाचून समजून घेणाऱ्याची पुरती वाट लागते.

ओठ वाचणं म्हणजे अर्धा अंदाजच असतो. प, ब, भ, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. "पाट", "भात", "माठ" आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. "सात" आणि "साठ" यातला फरक जिभेच्या टोकाला असतो, तो बाहेरून दिसतच नाही. त्यात तुम्ही मधेच कन्नडात शिरलात, तर समोरचा आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ताडत होता तो धागाच तुटतो. मग तो मान हलवतो. मान हलवली की आपल्याला वाटतं समजलं. माझ्याकडं एका मुलानं अशीच चार वेळा मान हलवली आणि घरी जाऊन नको असलेल्या ठिकाणचे पैसे भरले. पैसे परत मिळवायला मला दोन आठवडे लागले.

उपाय सोपे आहेत. एकच भाषा धरा, आणि कोणती ते आधी विचारा. तो मराठी शाळेत शिकला का कन्नड, ह्यावर लिहून काय द्यायचं ते ठरतं. आडनावावरून ठरवू नका. रक्कम तोंडानं सांगायच्या ऐवजी कागदावर 1, 2, 3 अशा आकड्यांत लिहा, ते दोन्हीकडच्यांना वाचता येतात. आपल्या पाठीमागं खिडकी असेल तर आपला चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेडाकडं तोंड करा. ओरडू नका, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात. आणि तोंडात गुटखा धरून बोलणाऱ्याचे ओठ कुणालाच वाचता येत नाहीत. हे शेजारच्या दुकानदाराला मी अनेकदा सांगितलंय.

समजलं का हे तपासायचं असेल तर "कळलं?" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी होय असतं. "मग आता कुठल्या तारखेला यायचं?" असं विचारा. फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब नावाचं ॲप आहे, आपण बोलतो ते अक्षरांत दिसतं. त्यात भाषा आधी मराठी का कन्नड ते निवडावी लागते, नाहीतर भलतंच उमटतं. भाषांची भेळ केली तर तेही गोंधळतं.

खुणांची भाषा बोलणारी जोडपीही येतात. भारतीय सांकेतिक भाषेचं स्वतःचं व्याकरण आहे, ती हातांनी केलेली मराठी नव्हे. त्यामुळं लांबलचक मराठी चिठ्ठी लिहून दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. छोटी वाक्यं, तारीख, रक्कम, बाण. सोबत दुभाषी असेल तर बघायचं मात्र गिऱ्हाइकाकडं. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्या अर्जावर "फोन करून कळवू" असं लिहिणारे अजून आहेत, त्यांना काय म्हणावं.

दरपत्रकाचा फोटो

व्हॉट्सॲपवर दरपत्रकाचा, बदललेल्या वेळांचा, नव्या योजनेचा फोटो टाकायची पद्धत पडलीय. अंध माणूस फोन टॉकबॅकवर चालवतो: बोट फिरवलं की फोन ते वाचून दाखवतो. फोटोपाशी आलं की बहुतेक वेळा तो नुसतं चित्र असल्याचं सांगतो आणि गप्प होतो. तोच मजकूर टाइप करून खाली टाकायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी भानगड रोमन मराठीची. आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, आणि फोनचा आवाज ते इंग्रजी समजून वाचतो. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं मला माझाच मेसेज ऐकवला. एखाद्या साहेबानं दारू पिऊन मराठी बोलावं तसा. देवनागरीत लिहिलं आणि फोनमध्ये मराठी आवाज घातलेला असेल, तर स्वच्छ वाचतो. कन्नड लिपीत असेल तर कन्नड आवाज लागतो. "मेसेज कळत नाही" अशी तक्रार आली तर आधी हेच तपासा.

ब्रेलबद्दल एक मजेदार गोष्ट. फलक कुठल्या लिपीत असावा यावरून आपल्याकडं केवढं रामायण होतं! भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सामाईक ठिपक्यांच्या लिपीत, भांडणाला जागाच नाही: मराठी क आणि कन्नड क एकच, डावीकडच्या उभ्या ओळीतला वरचा आणि खालचा ठिपका. तरीही हौसेनं ब्रेल कार्डं छापून घ्यायच्या आधी गिऱ्हाइकांना विचारा. बरेच जण आता फोनवरच वाचतात.

सुटे पैसे आणि पिन

नव्या नोटांपैकी शंभरची 142 मिलीमीटर लांब, दोनशेची 146, पाचशेची 150. रुंदी तिन्हींची 66. म्हणजे एकीत आणि दुसरीत फक्त चार मिलीमीटरचा फरक, तोही नोट मळून मऊ झाल्यावर बोटांना काय कळणार? त्यात जुनी, मोठी शंभरची नोट मधेच येते. म्हणून नोटांची गड्डी हातात कोंबू नका. एकेक द्या, प्रत्येकीची किंमत सांगत: "ही दोनशेची, ही पन्नासची, ही दहाची." काही जण पाचशेची एका पद्धतीनं दुमडतात, शंभरची दुसऱ्या. त्यांना तेवढा वेळ द्या, मागच्या माणसाची घाई मागच्या माणसापाशी. रिझर्व्ह बँकेनं 2020 च्या 1 जानेवारीला नोट ओळखणारं मनी ॲप आणलं. ते एकदा फोनमध्ये घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. माहीत नसेल त्याला सांगा.

क्यूआर कोड स्कॅन होत नसेल तर गिऱ्हाइकाचा फोन काढून घेऊ नका. तो फोन हेच त्याचे डोळे असतात. आपला यूपीआयला जोडलेला नंबर सांगा, तो टाकून पैसे पाठवेल. कार्डाचं मशीन नुसत्या काचेचं असेल तर अंध माणसाला आकडे चाचपता येत नाहीत. बटणांच्या मशीनवर पाचवर उंचवटा असतो, तसं मशीन ठेवा. "पिन सांगा, मी टाकतो" हे वाक्य चांगल्या मनानं म्हटलेलं असलं तरी दुकानात उच्चारायचं नाही.

बोटाचा ठसा लागत नाही

कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांच्या बोटांवर बऱ्याचदा ठसा राहिलेला नसतो. निपाणी भागातल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या बायकांचंही मशीनवर बोट कित्येकदा लागत नाही. अशा वेळी आपण बोट पुसायला लावतो, दाबायला लावतो, मग "उद्या या" म्हणतो. उद्याही ते बोट तेच असणार. आधारला ओटीपी, बुबुळ, चेहरा असे दुसरे मार्ग आहेत, ते आधी वापरून बघा. बँक खात्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात. अॅसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या माणसानं काय मिचकवायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 30 एप्रिल 2025 च्या निकालात न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीला, म्हणजे ओळख पटवण्याच्या पद्धतीला, पर्याय देण्याचे आदेश दिले. बँकेत कुणी अडवलं तर हा निकाल तोंडावर असू द्या.

रॅम्प आहे की!

आहे. त्यावर मोटारसायकल लावलीय.

दुसरा प्रकार चकचकीत टाइल्सच्या रॅम्पचा. बेळगावच्या पावसात त्यावर कुबडीचं रबर टेकवून बघा. तिसरा उभ्या चढाचा. हिशेब सोपा आहे: जितकी उंची, त्याच्या बारा पट लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत तीन पायऱ्यांच्या दुकानाला अठरा फूट लागतील, म्हणजे रॅम्प समोरच्या दुकानाच्या दारात जाईल. तिथं रॅम्पचा हट्ट सोडा. एक पायरी असेल तर खरबरीत लोखंडी फळी ठेवा, लागेल तेव्हा टाकायची. जास्त असतील तर खाली, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी घंटा लावा आणि आपण बाहेर जा. चाकाची खुर्ची विचारल्याशिवाय ढकलू किंवा उचलू नका.

काउंटर छातीएवढं उंच असेल तर बुटक्या अंगाच्या किंवा खुर्चीवरच्या माणसाला फक्त काउंटरची फळी दिसते. एक कोपरा तीस इंचांवर आणा, नाहीतर स्वतः पुढं येऊन बसा.

"हे सगळं सरकारी ऑफिसांना, आम्हाला कुठलं?" असं सोसायट्यांचे आणि दुकानांचे लोक म्हणतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 46 व्या कलमात सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, दोघंही आहेत. त्यांना दिलेली दोन वर्षांची मुदत 2019 मध्येच संपली. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुढं पन्नास हजार ते पाच लाख. कायद्यात आता 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यातली कित्येक बघून कळतच नाहीत. त्यामुळं "तुम्हाला काय झालंय?" विचारायचं नाही. "कसं करू म्हणजे सोयीचं होईल?" एवढं पुरतं.

माझ्या दुकानाला दोन पायऱ्या आणि पुढं गटारावरची फरशी आहे. घंटा वाजली की मी लॅपटॉप घेऊन खाली उतरते, स्टूल टाकून फॉर्म तिथंच भरते. जून लागला की हे कोसळतं. मागच्या पावसात एका ताईंनी चाकाच्या खुर्चीत बसून माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि मी त्यांचा अर्ज भरला. ओटीपी येईपर्यंत दोघी भिजलो. ह्या वर्षी पुढं पत्र्याचं छप्पर घालायचं म्हणतेय. मालक म्हणतात, बघू.