पुस्तक मिटा, मग अभ्यास सुरू होतो: दहावीचं विज्ञान घरी कसं करून घ्यावं

‘आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला व्हिडिओच लागतात’ हे पालुपद आधी बंद करा. शिकवण्याची पद्धत मुलाच्या ‘शैली’शी जुळवली की तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञांच्या आढाव्यात २००८ सालीच निघालं. किरणाकृती काढायला पेन्सिल सगळ्यांनाच धरावी लागते. मार्कांशी ज्या स्वभावगुणाचं नातं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसतं तो अगदी साधा आहे: ठरवलेलं काम नेटानं पुरं करणं. तो अंगात नसेल तर रोजची एक वेळ बांधून द्या, निम्मं काम होतं.

धडा पाठ्यपुस्तकातून एकदा सलग वाचायचा. गाईड कपाटात.

आता खरी अडचण. पुस्तक मिटायचं, कच्ची वही घ्यायची आणि आठवेल ते लिहायचं: व्याख्या, सूत्र, आकृती, नावांसकट. मुलं इथेच बिथरतात. पानभर हायलाइटर फिरवला की सगळं येतंय असं वाटतं, कोऱ्या पानासमोर मात्र काहीच येत नाही. मग पालक घाबरतात आणि ‘पुन्हा एकदा वाच’ म्हणतात. तेवढं म्हणू नका. रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवलं, नुसतं वाचत राहिलेल्यांना ४० टक्के. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

आठवून झालं की पुस्तक उघडून लाल पेनानं तपासायचं. ही तपासणी टाळली तर चूकच पाठ होते. भिंगांचं प्रकरण घ्या. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर. वस्तूचं अंतर ऋण धरायचं विसरलेलं मूल आत्मविश्वासानं १२ सेंमी लिहितं. खरं उत्तर ६०. त्याला सूत्र येत नव्हतं असं नाही, चिन्हसंकेत हातात बसला नव्हता. उदाहरण सोडवलेलं वाचताना ही चूक कधीच सापडत नाही, कारण चिन्ह तिथे आधीच घातलेलं असतं. ‘शास्त्रीय कारणे लिहा’चंही तेच: उत्तर वाचताना सगळं पटतं, लिहायला बसलं की ‘कारण’च्या पुढे पेन अडतं.

आई-बाबांनी शेजारी बसून हळूच उत्तर सुचवू नये. दोन मिनिटं शांतता सोसा.

तोच धडा दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं परत, तसाच पुस्तक मिटून. रविवारी एकाच बैठकीत चार तास घालण्यापेक्षा तेच तास विखरून दिलेले बरे. मधल्या दिवशी दुसऱ्या भागातलं प्रकरण घ्या. आनुवंशिकता आणि उष्णता आलटून पालटून चालतात.

शेवटी सराव प्रश्नपत्रिका. भाग १ आणि भाग २ वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी ४० गुण, दोन तास, घड्याळ लावून. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा आणि पुढच्या पेपरच्या आधी फक्त तीच वही काढा.