कामगाराला सुपरवायझर करताय? मग या चुका टाळा

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईचा रबाळे-महापे पट्टा, पंधरा-वीस माणसांच्या गाळ्यात बढतीची रीत साधारण एकच. मशीनवर ज्याचा हात सगळ्यात पक्का, तो एक तारखेपासून सुपरवायझर. पगार थोडा वाढतो, शेठ म्हणतात, "आता तूच बघ सगळं," आणि तीन महिन्यांनी तेच शेठ सांगत फिरतात की सेटर (मशीन जुळवून देणारा) म्हणून सोनं होता, सुपरवायझर म्हणून काही उपयोग नाही. अशा वेळी बहुतेकदा खोट त्या माणसात नसते. खुर्ची त्याला मिळालेली असते, पण अधिकार मालकाच्याच खिशात असतात.

"शेठना विचारून सांगतो"

हे वाक्य गाळ्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येत असेल, तर आधी स्वतःकडे बघा. तुम्ही ऐरोलीला गिऱ्हाइकाकडे बसलेले आणि इकडून फोनवर फोन: हेल्पर आला नाही, इन्सर्ट (मशीनला लागणारी कापायची टोकं) संपले, अमक्याला अर्धा दिवस सोडू का? स्वतः काय ठरवायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. किंवा त्याने एकदा ठरवून पाहिलेलं असतं आणि सगळ्यांदेखत तोंडघशी पडलेला असतो. सकाळी त्याने एकाला सुट्टी नाकारली, दुपारी तोच कामगार केबिनमध्ये गेला आणि शेठ म्हणाले, "जा रे, पण उद्या वेळेवर ये." झालं. उद्यापासून सुपरवायझरला कोण विचारणार?

म्हणून एका कागदावर लिहूनच द्या. अर्ध्या दिवसाची सुट्टी, माणसाला या मशीनवरून त्या मशीनवर हलवणं, ठरलेल्या रकमेपर्यंतची किरकोळ खरेदी आणि माप चुकतंय असं दिसलं की मशीनवरचा जॉब थांबवणं, हे त्याचं. उचल, पगारवाढ, कामावरून काढणं, हे तुमचं. यातला जॉब थांबवण्याचा अधिकार द्यायला मालकांना सगळ्यात जड जातं, कारण डिस्पॅचची गाडी दारात उभी असते. पण तो दिला नाही, तर रिजेक्शनबद्दल (नापास मालाबद्दल) त्याला जाबही विचारता येत नाही. त्याचा निर्णय चुकला, तर संध्याकाळी दार लावून बोला. त्या दिवसापुरता तो निर्णय मात्र तसाच राहू द्या.

पुन्हा मशीनवरच उभा

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांना आज काम सांगायचं जिवावर येतं. मग काही जण एकदम आरडाओरडा करू लागतात. पण त्याहून जास्त जण कुणाला काही न बोलता सगळं स्वतःच करून टाकतात. हे मालकाला आवडतं, कारण माल निघतो. गडबड इथेच आहे. त्यात त्याचा इन्सेन्टिव्ह अजून त्याने स्वतः काढलेल्या नगांवर असेल, तर तो मशीन सोडेलच कशाला? इन्सेन्टिव्ह पूर्ण शिफ्टच्या मालावर आणि रिजेक्शनवर लावा. त्याची मशीन दुसऱ्याला शिकवायला महिना-दोन महिने द्या, तेवढे दिवस माल कमी निघेल हे धरून चाला.

गणपती, छठ आणि रिकाम्या मशीन

आपल्याकडच्या गाळ्यात अर्धे कोकणातले, अर्धे उत्तर प्रदेश-बिहारचे. रजेवरून सगळ्यात जास्त भांडणं ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये होतात आणि दरवर्षी मालकाला आश्चर्य वाटतं! रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकीट हातात पडल्यावर "सुट्टी मिळणार नाही" म्हणणं म्हणजे त्याला न सांगता जायला लावणं. आरक्षण उघडण्याच्या आठवडाभर आधी सुपरवायझरने सगळ्यांना बसवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावं लिहून घ्यावीत. कोकणातल्यांनी छठला ओढून न्यायचं, बाकीच्यांनी गणपतीत, अशी अदलाबदल माणसं आपापसात करतात, फक्त विचारणारा हवा. नव्या सुपरवायझरला पहिलं मोठं काम हेच द्या. त्यात तो माणसं सांभाळायला जितकं शिकेल, तितकं वाशीच्या हॉटेलातल्या एक दिवसाच्या लीडरशिप शिबिरात शिकणार नाही. शिबिराला जरूर पाठवा, जेवण चांगलं असतं.

पगारवाढीचा उलटा फटका

हा मुद्दा अकाउंटंटलाही सुचत नाही. ईएसआयची (कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार देणाऱ्या सरकारी विम्याची) पगारमर्यादा २०१७ मध्ये १५,००० वरून २१,००० रुपये झाली. वीस हजारांवरच्या माणसाला बढती देऊन तेवीस हजार केले, तर चालू सहामाही (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपल्यावर तो योजनेबाहेर जातो. घरी आजारी आई असेल, तर ही वाढ त्याला महागात पडते. बढतीआधी चालू मर्यादा तपासा, हे त्याला समोर बसवून सांगा, आणि कंपनीतर्फे आरोग्य विमा काढता येतो का ते पाहा.

जमतच नसेल तर

सहा महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला, "शेठ, मला मशीनच बरी," तर ते हट्टाने मोडून काढू नका. वरिष्ठ सेटर म्हणून त्याच पगारावर परत घ्या आणि शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर तुम्हीच सांगा की नव्या पोरांना शिकवायचं काम याच्याकडे आहे. गुपचूप खाली उतरवलात, तर महिन्याभरात तो तुर्भ्याला दुसऱ्या कंपनीत लागलेला असेल आणि तुमचे दोन ऑपरेटर त्याच्या मागोमाग जातील.