घरी स्पोर्ट्स कार बांधताय? या चुका टाळा

भांडुपला माझा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. पोट भरतं ग्रिल, शेड आणि मशीनच्या फ्रेमांवर, पण महिन्याला एक तरी पोरगा मोबाइल पुढे धरून येतो. मोबाइलवर दोन सीटांची, बिनदाराची, चाकं बाहेर काढलेली बुटकी गाडी. "काका, अशी बांधायचीय. इंजिन घेतलंय."

इंजिन घेतलंय म्हटलं की मी चहा मागवतो, कारण पुढचा अर्धा तास गेला. गाडी ठेवायला जागा बघितली आहे म्हणत आजवर कोणी आलेलं नाही. चालवणार कुठे ते ठरवून आलोय, असंही कोणी म्हणत नाही. पाइप कापायच्या आधी विचारायचे प्रश्न हे दोनच, आणि ते विचारले जातात गाडीला रंग मारून झाल्यावर.

"नंबर मिळेल ना, काका?"

नाही मिळणार. इतकं सरळ सांगूनही पटत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मोबाइलवरची ती गाडी बहुतेक वेळा इंग्लंडची असते. तिकडे १९५७ साली लोटसने 'सेव्हन' काढली आणि ती सुट्या भागांत, घरी जोडायला विकली. तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून हौशी लोक स्वतःच पाने घेऊन बसले. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम बनवते. तिथे घरी बांधलेल्या एकट्या गाडीची तपासणी करून तिला नंबर द्यायची सरकारी सोय आहे. फोटोत दिसणारी नंबरप्लेट त्या सोयीची आहे, ती भांडुपला लागू होत नाही.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम आहे. गाडीचा नमुना आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून, मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मग त्या नमुन्याच्या गाड्यांची नोंदणी होते. ब्रेक, दिवे, धूर, सगळं त्यात आलं. १ एप्रिल २०२० पासून धुराला बीएस-६ लागू आहे. हा खर्च हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीचा. तुम्ही आणि तुमचा मेव्हणा मिळून तो करणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. भंगारातून जीपसारखी गाडी केली, किक मारून सुरू व्हायची. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि २०२२ च्या जानेवारीत बदल्यात बोलेरो दिली. पोरं एवढंच लक्षात ठेवतात. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावरून थांबवली जाईल, हेही महिंद्रांनीच तेव्हा लिहिलं होतं. ते कोणी वाचत नाही.

मग येतो एजंट. त्याची युक्ती ठरलेली: जुन्या गाडीचं आरसी बुक घ्यायचं, तिच्या चासीवरचा नंबर कोरलेला तुकडा कापायचा आणि आपल्या फ्रेमला वेल्ड करायचा. कागदावर गाडी जुनीच, फक्त 'थोडं काम केलंय'.

मुलुंडच्या एका पोराने हेच केलं. हात चांगला होता त्याचा, गाडीही देखणी होती, लालभडक, जिप्सीचं इंजिन. एजंटने पस्तीस हजार घेतले आणि मोडीत निघालेल्या जिप्सीचं आरसी आणून दिलं. पोरगा माझ्याकडे आला तो शेवटच्या कामासाठी. "काका, एवढ्या जॉइंटवर पुट्टी भरून रंग मारून द्या." मी वाकून बघितलं. वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना ग्राइंडरचे चरे आणि नंबरच्या शेवटच्या आकड्यावर वेल्डिंगचा थेंब उडालेला. म्हटलं, हे मी करणार नाही, आणि तूही हे काढून टाक. तो हसला. म्हणाला, "काका, तुम्ही जुन्या वळणाचे."

तीन महिन्यांनी रात्री दोनला मरीन ड्राइव्ह. (स्वप्न सगळ्यांचं मरीन ड्राइव्हचंच असतं, वडाळ्याचं कोणाचं नसतं.) नाकाबंदी होती. हवालदाराने चासी नंबर बघितलाच नाही. टॉर्च मारली आणि विचारलं, "दरवाजे कुठायत?" मग आरसी बघितलं. त्यात जिप्सी, रंग पांढरा. समोर लाल होडगं. गाडी जमा.

दंडावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगितली नसती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवरचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात १८२ए कलम आलं: मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि कापून जोडलेला चासी नंबर दिसला की पोलिसांच्या मनात पहिला संशय चोरीच्या गाडीचा येतो. सोडवून घ्यायला मालकीचा कागद हवा. कागद होता, पण जिप्सीचा, आणि जिप्सी तर भंगारात गेलेली.

दोन पावसाळे ती गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती. मी एकदा त्याच्याबरोबर बघायला गेलो. छप्पर नसल्यामुळे सीटच्या खोबणीत पाणी साचलेलं आणि पाण्यावर डासांच्या औषधाचा तवंग. पालिकेचा माणूस येऊन नियमाने औषध टाकून जात होता. त्या गाडीची सरकारदरबारी झालेली नोंद काय ती तेवढीच.

मग करायचं काय? माझ्या मते मार्ग तीन. पहिला, गाडी रस्त्यासाठी नाहीच असं मान्य करून बांधा. ती टोइंगच्या फ्लॅटबेडवर चढवायची आणि बंदिस्त ट्रॅकवर किंवा जिथे लोकांची ये-जा नाही अशा खासगी जागेत चालवायची. स्वतःचा ट्रेलर करू म्हणाल तर त्यालाही नोंदणी लागते. दुसरा, इंजिनीअरिंगला असाल तर कॉलेजच्या टीममध्ये घुसा. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत ही कॉलेजच्या पोरांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा होते, तिथे तपासनीस तुमच्या वेल्डिंगची जी सालटी काढतात ती मीही काढत नाही. तिसरा, जुनी गाडी जशी होती तशी उभी करा. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली असेल तर २०२१ च्या नियमांनी तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. तीही रोज ऑफिसला न्यायला नाही. "फक्त रात्रीच काढीन" हा चौथा मार्ग नव्हे.

एकाच दमात वेल्डिंग

ही चूक माझ्या गाळ्यात, माझ्याच भाच्याने केली. त्याची गाडी पहिल्या मार्गातली, म्हणून मी हो म्हटलं होतं. एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज म्हणजे १.६ मिलीमीटर जाडीचा, दारूखान्याच्या लोखंडबाजारातून आणलेला. खाली दहा मिलीमीटरची आठ बाय चार फुटांची प्लेट, तिचंच वजन २३० किलोच्या आसपास, गर्डरवर ठेवून लेव्हल केलेली. सगळे पाइप कापून, कानस मारून, टॅक करून, म्हणजे वेल्डच्या एकेका ठिपक्याने तात्पुरते जोडून ठेवले. शनिवारी मला पेणला लग्नाला जायचं होतं. म्हटलं, सोमवारपर्यंत हात लावू नकोस.

सोमवारी आलो तर डावी बाजू पूर्ण वेल्ड झालेली. वेल्डचे मणके सुरेख, मान्य. मी टेप काढला आणि कर्ण मापले: एक १८४२, दुसरा १८५१. नऊ मिलीमीटरचा फरक. प्लेटवर ठेवली तर उजवा पुढचा कोपरा हवेत, खालून माझी करंगळी आरपार.

"मामा, नऊच मिलीमीटर तर आहे."

नऊ मिलीमीटर तिथे म्हणजे मागचा ॲक्सल तिरका, म्हणजे स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी खेकड्यासारखी चालणार, टायर एका कडेने झिजणार आणि जोरात ब्रेक मारल्यावर कुठे जाईल ते विचारूच नका. लोखंड तापलं की फुगतं आणि थंड होताना आक्रसतं. फुगताना जेवढं गेलं तेवढंच परत येत नाही, वेल्डच्या बाजूला ओढून घेतं. एक बाजू सलग वेल्ड केली तर सगळी फ्रेम त्याच बाजूला ओढली जाते. चौदा जॉइंट ग्राइंडरने कापले. तीन दिवस गेले आणि कापताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

माझी सवय सांगतो. आधी पूर्ण फ्रेम टॅकवर उभी करायची, कर्ण मापून खडूने प्लेटवरच लिहायचे. मग डावीकडे एक जॉइंट, उजवीकडे त्याच्या समोरचा एक, पुढे एक, मागे एक. चार झाले की मशीन बंद, चहा, हात लावून थंड झालंय का बघायचं, पुन्हा कर्ण. दोन मिलीमीटरच्या वर गेलं तर थांबायचं. फ्रेमला यात आठवडा लागतो. दोन दिवसांत फ्रेम झाली असा व्हिडिओ दाखवू नका मला, त्या व्हिडिओत टेप कुठेच दिसत नाही.

जाता जाता: वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सोडवून बाजूला ठेवा. आणि अर्थिंगचा चिमटा बेअरिंगच्या पलीकडे लावू नका, करंट बेअरिंगमधून जातो आणि ते खड्डे पडून वाजायला लागतं.

बारीकसारीक, पण जीव घेणारं

सस्पेन्शनचे बोल्ट नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ ही ताकदीची खूण कोरलेली बघून घ्या. काहीच कोरलेलं नसेल तर तो बोल्ट गेटच्या बिजागरीला वापरा. नायलॉन नट एकदा काढला की फेकायचा. सात रुपये वाचवणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मुंबईच्या हवेत पाणी किती हे वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा. डॉट-४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. मी दरवर्षी पावसाळा संपला की बदलतो. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षी वापरत नाही.

भंगारातल्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप तसेच वापरू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं.

इंजिन ज्या गाडीचं, गिअरबॉक्स आणि वायरिंग त्याच गाडीचं घ्या. वायरिंग "नंतर बघू" म्हणणाऱ्याची गाडी मी अजून सुरू झालेली पाहिलेली नाही.

गाडी राहणार कुठे?

सोसायटीच्या स्टिल्टमधली पार्किंगची जागा गाडी उभी करायला असते, बांधायला नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेवर उडाल्या की त्या काचेत रुतून बसतात, पुसून जात नाहीत. ते मालकाला दुसऱ्या दिवशी उन्हात दिसतं आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला सेक्रेटरीचं पत्र येतं. सेक्रेटरीचं चुकत नाही. बांधकामासाठी गाळा भाड्याने घ्या, दोघातिघांत घ्या, आणि शटरची रुंदी गाइड पट्टीच्या आतून मापा. स्टॅक पार्किंग असेल तर विषयच सोडा. जमिनीपासून चार इंच वर असलेली गाडी प्लॅटफॉर्मच्या उंचवट्यावरच पोट टेकते.

आणि ताडपत्री. जूनमध्ये ताडपत्रीत करकचून बांधलेली गाडी गणपतीला उघडली की आत ओला वास आणि पाइपांवर तांबूस पीठ. वरून पाऊस लागलेलाच नसतो. जमिनीची वाफ आत कोंडते, रात्री गार पत्र्यावर धरते आणि थेंब थेंब खाली येते. मी सुती कव्हर घालतो, खाली लाकडी फळ्या टाकून चाकं उचलून ठेवतो आणि चारही बाजूंनी हवा खेळू देतो. फ्रेमचे पाइप एक तर पूर्ण बंद करा, नाहीतर सर्वांत खालच्या जागी पाणी जायला भोक ठेवा. अर्धवट उघडा पाइप आतून गंजतो, बाहेरून रंग चकचकीत असतो आणि एक दिवस स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो.

उंदरांसाठी बोनटखाली तंबाखूची पानं ठेवतात. मीही ठेवतो. गेल्या साली त्यांनी पानं बाजूला सारून स्टार्टरची वायर खाल्ली. तेव्हापासून वायरिंगवर बारीक जाळीची नळी चढवतो आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवतो. पानं ठेवणं मात्र सोडलेलं नाही.

भाच्याची गाडी आता चाकांवर आहे. रविवारी पहाटे फ्लॅटबेडवाला येणार, मुरबाडकडे एकाचं कुंपण घातलेलं आवार आहे तिथे न्यायची. फोनवर त्याला दोनदा सांगितलंय, दहा फुटी फळ्या घेऊन ये. तो म्हणतो, रॅम्प आहे ना. ट्रकच्या त्या रॅम्पवर आमचं पोट टेकणार हे मला माहीत आहे, म्हणून दोन फळ्या मीच शनिवारी संध्याकाळी गाळ्याच्या दाराशी काढून ठेवणार.