लंडनहून सेव्हन सिस्टर्सला एका दिवसात: या चुका टाळा

लंडनजवळ एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, असं कुणी विचारलं की मी पहिलं नाव सेव्हन सिस्टर्सचं घेते. ससेक्सच्या किनाऱ्यावरचे पांढरेशुभ्र कडे, वर मेंढ्यांची कुरणं, खाली समुद्र. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून लुईसला गाडी बदलून साधारण दीड तासात सीफर्ड हे कड्यांजवळचं गाव येतं. इतकं जवळ आहे म्हणूनच लोक विचार न करता निघतात आणि अर्धा दिवस घालवून बसतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती त्या प्रसिद्ध फोटोवरून. पुढे कोस्टगार्ड कॉटेजेस, म्हणजे तटरक्षकांची जुनी घरं, मागे कड्यांची रांग. तो फोटो ककमिअर नदीच्या पश्चिमेकडून, म्हणजे सीफर्डच्या बाजूने काढलेला असतो. पण बरेच जण बसने एक्सीटला, नदीवरच्या पुलाजवळच्या थांब्यावर, उतरतात आणि सरळ सेव्हन सिस्टर्स पार्कच्या फाटकातून, नदीच्या पूर्वेकडून समुद्र गाठतात. मीही पहिल्या वेळी तेच केलं. ती घरं समोर होती, खिडक्यासुद्धा मोजता येत होत्या, पण मध्ये नदी. पूल फक्त एक्सीटला. मुलगी दमून कडेवर आलेली, आणि आलो तेवढंच उलटं चालायचं. शिवाय कड्यांवर उभं राहिलं की कडे दिसत नाहीत, पायाखालचं गवत तेवढं दिसतं.

म्हणून सीफर्ड स्टेशनवरूनच चालायला लागा. समुद्राकाठाने पुढे, सीफर्ड हेड चढून, होप गॅपवरून कॉटेजेसपर्यंत पाचेक किलोमीटर होतात. डोळे भरून बघून झालं की नदीच्या त्याच काठाने आत वळा, एक्सीटला सीफर्डकडे परत जाणारी 12 नंबरची बस मिळते. ओहोटी दिसली म्हणून नदीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यापैकी अनेकांना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं झोपून खाली डोकावायची सवय असते. ती सवय इथे घरी ठेवून या. तो बसॉल्ट आहे, हा खडू. अक्षरशः खडू: पडलेला तुकडा उचलून गारगोटीवर ओढला तर पांढरी रेघ उमटते. लाटा पायथा खात राहतात, वरून गवत सलग दिसतं आणि खाली आधार उरलेला नसतो. कड्यांच्या पूर्व टोकाला, बर्लिंग गॅपला, कड्यावरच्या घरांची एक ओळ होती, त्यातली काही एकेक करून पाडावी लागली, इतकी कड मागे सरकली. कुंपण बहुतेक ठिकाणी नाही. पाचसहा मीटर आतूनच चाला, मुलांचा हात सोडू नका. कड्याखाली सावलीत डबा उघडून बसणंही तितकंच धोक्याचं. पायथ्याने बर्लिंग गॅपकडे चालत जायचा मोह झाला तर आवरा, भरती आली की मध्येच अडकायला होतं.

उंचीवरून अंदाज बांधू नका. हे कडे उंचीने फार नाहीत, पुढचं बीची हेडसुद्धा 162 मीटरच आहे, त्यामुळे आपल्याला ते किरकोळ वाटतं. पण सात बहिणी म्हणजे एकामागून एक सात चढउतार, आणि पावसानंतर ओला खडू साबणासारखा निसरडा होतो. सीफर्ड ते ईस्टबोर्न पूर्ण वाट सुमारे 22 किलोमीटर आहे. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना घेऊन ती करू नका. त्यांच्यासाठी एक्सीटहून नदीकाठची सपाट वाट पुरेशी सुंदर आहे.

तिकिटाचं थोडक्यात: लंडनचं ऑयस्टर प्रवासकार्ड या मार्गावर गॅटविकपर्यंतच चालतं, पुढे चालत नाही. तिघे किंवा जास्त असाल तर ग्रुपसेव्ह या गटसवलतीने ऑफपीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून असलेलं, तिकीट एक तृतीयांश स्वस्त पडतं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस येते, ते आदल्या रात्री तपासा. डिसेंबरात चार वाजता सूर्य मावळतो, तेव्हा दहाला घरातून निघून काही हाती लागत नाही. वर कड्यांवर दुकान नाही, शौचालय नाही. मेथीचे पराठे आणि पाणी सोबत हवंच. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं जॅकेट घ्या.

परतीची बस चुकली किंवा भरून आली तर? उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी एक्सीटच्या थांब्यावर मोठी रांग असते. अशा वेळी रस्ता ओलांडून उलट दिशेची, ईस्टबोर्नची बस धरा. तिथूनही व्हिक्टोरियाला थेट गाड्या आहेत. फक्त सीफर्डचं रिटर्न तिकीट ईस्टबोर्नहून चालत नाही. लुईसला थांबणारी गाडी बघा आणि ईस्टबोर्न ते लुईस एवढं वेगळं तिकीट काढा. लुईसपासून पुढे तुमचं जुनं तिकीट चालतं.