संस्थेचं दप्तर डिस्कवर ठेवताय? या चुका टाळा

शाळेचं जनरल रजिस्टर, पतसंस्थेचं प्रोसिडिंग, ग्रामपंचायतीचा नमुना ८. यातल्या एका जुन्या पानाची किंमत काय असते, ते मराठवाड्याने २०२३ मध्ये पाहिलं. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकाळातली मोडी आणि उर्दू दप्तरं पुन्हा उघडावी लागली. आज स्कॅन केलेलं पान तीस वर्षांनी उघडेल का, हा एक प्रश्न. मधल्या काळात त्यात कुणी हात घातला नाही हे दाखवता येईल का, हा दुसरा. बहुतेक संस्था पहिल्याची तजवीज करतात आणि दुसऱ्याचीही झाली असं धरून चालतात.

पेनड्राइव्ह कपाटात ठेवणं

पेनड्राइव्हमधली माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत साठवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की भार गळतो, आणि उष्णतेत जास्तच लवकर. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट त्याहून तापतं. फाइली इकडून तिकडे न्यायला पेनड्राइव्ह चालेल, जपायला नाही. साध्या सीडी-डीव्हीडीत नोंद सेंद्रिय रंगाच्या थरावर होते, आणि तोही ऊन-उष्णतेने खराब होतो.

घ्यायची ती २५ जीबीची एम-डिस्क ब्लू-रे. तिच्यात नोंद अजैविक थरात होते आणि एकदा लिहिलेलं पुसून पुन्हा लिहिता येत नाही. साधी ब्लू-रे घ्यायची वेळ आलीच, तर पाकिटावर ‘एलटीएच’ असेल ती नको. तिच्यातही सेंद्रिय रंगच असतो. राइटर ब्लू-रेचाच लागतो, डीव्हीडीचा चालत नाही. ३०० डीपीआयला ए-४ पान साधारण १ एमबी धरलं, तर २०० पानांची शंभरेक रजिस्टरं एका डिस्कवर बसतात. डिस्क काठोकाठ भरू नका. वाचनातल्या चुका बाहेरच्या कडेला जास्त होतात, म्हणून २-३ जीबी मोकळे सोडा.

‘पुसता येत नाही’ म्हणजे ‘फेरफार अशक्य’ असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. डिस्कवरचं पान बदलता येत नाही, पण अख्खी डिस्क बदलता येते. बदललेलं पान घालून तशीच दुसरी डिस्क लिहायची, वर तेच नाव टाकायचं, पहिली नाहीशी करायची: अर्ध्या तासाचं काम. डिस्क एकटी काहीच सिद्ध करत नाही. तिची साक्ष डिस्कच्या बाहेर, शाईत हवी.

ती अशी तयार करा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तिचा ‘अंगठ्याचा ठसा’, काढा; विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा त्यासाठी आहे. सगळे हॅश एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये यादी करून ठेवा. मग त्या यादीच्या फाइलचाच हॅश काढा. हा एकच ६४ अक्षरी आकडा पाननंबर घातलेल्या प्रोसिडिंग बुकात हाताने लिहा, खाली तारीख आणि किमान दोघांच्या सह्या घ्या. यादीची छापील, सही-शिक्क्याची प्रत दुसऱ्या कार्यालयात द्या आणि तिथली पोच घ्या. पुढे एका फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं, तरी हा आकडा जुळणार नाही.

कोर्टातही हेच उपयोगी पडतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो.

हॅश जुळत नसेल तर

लगेच कुणावर संशय घेऊ नका. वर्ड-एक्सेलची फाइल उघडून नुसती सेव्ह केली तरी हॅश बदलतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आपोआप लहान केलं जातं, म्हणून तोही जुळत नाही. म्हणून हॅश काढायचा तो फाइल अंतिम झाल्यावर, आणि पडताळायचा तो थेट डिस्कवरच्या फाइलचा.

मराठी फाइल उघडते, पण अक्षरं विचित्र

श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेला ठराव तो फाँट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाही. तो युनिकोडमध्ये आणा, मूळ प्रतीशी ओळ न ओळ ताडा (जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात), मग पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपायच्या फाइलींसाठीचा पीडीएफचा प्रकार) करा. त्यात फाँट फाइलमध्येच राहतो. फाइलला पासवर्ड नको. टाकणारा लिपिक बदलून गेला की दप्तर गेलंच म्हणून समजा.

डिस्क अर्ध्यात बिघडणं

बहुधा वीज कमी पडते. राइटर यूएसबी हबवर न लावता थेट संगणकाला जोडा, दोन टोकांची केबल असेल तर दोन्ही टोकं लावा. लॅपटॉप चार्ज करून घ्या, स्लीप बंद करा, वेग ४एक्स ठेवा, ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा आणि डिस्क शेवटी फायनलाइज करा, म्हणजे पुढे तिच्यात भर घालता येणार नाही अशी बंद करा. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो. डिस्क-मार्करने मधल्या पारदर्शक भागावर क्रमांक लिहिला की पुरे.

सगळ्या प्रती एकाच इमारतीत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात गावंच्या गावं कोसळली. दुसरी प्रत शेजारच्या खोलीत असून काय उपयोग? तीन प्रती करा: दोन डिस्क, एक हार्ड डिस्क. यातली एक डिस्क दुसऱ्या गावात ठेवा. डिस्क कडक डबीत उभी, पत्र्यापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

स्कॅन झालं म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत घालू नका. वाद झाला तर आधी तेच मागतील.

दरवर्षी मार्चएंड उरकला की प्रत्येक डिस्क वाचून हॅश ताडा आणि निकाल त्याच प्रोसिडिंग बुकात लिहा. एक प्रत वाचली गेली नाही, तर त्याच आठवड्यात दुसरीवरून नवी करा. पदाचा चार्ज देता-घेताना डिस्कचे क्रमांक आणि ब्लू-रे राइटर, दोन्ही यादीत येऊ द्या.